शेवटचा हात

निवृत्तीला सात महिने उरले असताना माणसाला नवीन काही शिकायला लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण करारवाल्यांना ते कोण सांगणार? दर तीन महिन्यांनी त्यांचं एक परिपत्रक येतं, सात भाषांमध्ये, आणि सातही भाषांमध्ये ते सारखंच कळत नाही. त्या सोमवारच्या परिपत्रकात एवढंच होतं की, नोंदणी कार्यालयाकडून एक तपासनीस येईल, सोबत एक हिरा असेल आणि केंद्राने सहकार्य करावं. हिऱ्याचं वाचून हेरवाडे सरांनी, म्हणजे आमच्या केंद्राच्या संचालकांनी, एक जादा सुरक्षारक्षक मागवला. हिरा मोहरीएवढा होता, हे नंतर कळलं.

मी उज्ज्वला मगदूम. हातकणंगल्याजवळच्या माळावर शीतयंत्रांचं जे प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे बारा वर्षं मी सांधे जोडायला शिकवते. त्याआधी वीस वर्षं आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना शिकवलं. म्हणजे बत्तीस वर्षं उभी आहे. गुडघे गेले, डावा खांदा गेला, हात तेवढे शाबूत आहेत.

सांधा म्हणजे काय ते आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. क्वांटम संगणक स्वतः नखाएवढा असतो. तो बसतो एका मोठ्या शीतयंत्राच्या तळाशी, आणि तिथलं तापमान, विश्वात ज्याच्याखाली जाताच येत नाही अशा थंडीच्या फक्त एक शतांश अंश वर असतं. एवढी थंडी लागते कारण त्याचं गणित फार हळवं. उष्णतेचा जरासा धक्का बसला की करत असलेलं गणित ते विसरतं. ही थंडी आणायला दोन प्रकारच्या हेलियमचं मिश्रण केसासारख्या नळ्यांतून फिरवतात. या नळ्या यंत्राला जिथे ज्योतीने धातू वितळवून जोडतात, तो सांधा. आणि हेलियम हा महाबिलंदर वायू. फार थंड झाला की त्याचा पाझरणारा द्रव होतो आणि हवाही शिरणार नाही अशा फटीतून तो निघून जातो. त्यात प्रत्येक धातू थंडीत आपापल्या मापाने आक्रसतो. वर्कशॉपमध्ये घट्ट वाटलेला सांधा खाली गेला की तडकतो. एक सांधा तडकला तर यंत्र गरम होतं, पुन्हा थंड करायला तीन आठवडे जातात आणि निसटलेला हेलियम सहजी परत मिळत नाही. कारखान्यात नवीन यंत्राचे सांधे रोबो करतात. पण बसवलेल्या यंत्राच्या पोटात, जिथे फक्त मनगट आणि एक आरसा जाईल एवढीच जागा असते, तिथे माणूसच लागतो.

अशी माणसं जगात पुरेशी नव्हती. देशांनी आधी यंत्रं घेतली आणि मग एकमेकांची माणसं पळवायला सुरुवात केली. त्यावर तोडगा म्हणून करार झाला. भारत, जपान, फिनलंड, नेदरलँड्स, ब्राझील, केनिया आणि व्हिएतनाम, सात देश. अभ्यासक्रम एक, परीक्षा एक, प्रमाणपत्र एक. कुठेही शिका, कुठेही काम करा. शेवटी प्रत्येकाने एक नमुना सांधा करायचा. तो डबीत सील होऊन युरोपातल्या नोंदणी कार्यालयात जातो, तिथे त्याची थंडीत चाचणी होते आणि तो कायमचा जपून ठेवतात. त्या सांध्याच्या क्रमांकावर त्या माणसाचं पुढचं सगळं चालतं.

आमच्या अकरा तुकड्यांचे तीनशे शहाण्णव सांधे तिथे आहेत. माणसंही गेली. येताना ज्योत कुठून धरायची ते माहीत नसतं. हात जरा बसला, मिसळ पचायला लागली, एकमेकांना अस्सल कोल्हापुरी शिव्या द्यायला लागली, की निघाली. दिवाळीला मेसेज येतात, कुणाला मूल झाल्याचे फोटो येतात. मी पुन्हा पहिल्या धड्याला. ज्योत अशी धरायची, श्वास असा सोडायचा. मला या कामाचा कंटाळा आला असं मी म्हणणार नाही. मी दमले आहे.

मंगळवारी गाडीतून तपासनीस उतरली आणि मी चष्मा पुसला. संयोगिता शेंडुरे. पहिल्या तुकडीची, हुपरीची. तिचे वडील चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडायचे. पहिल्याच वर्षी सातही देशांत तिचा सांधा पहिला आला होता. त्या एका सांध्यामुळे करारवाल्यांना हातकणंगले हे नाव उच्चारता यायला लागलं.

"काय ओ बाई, आत तरी घ्या. का ओळखलाच न्हाई?"

"ओळखलं की. तपासनीस म्हणून तू येणार, हे कुणी कळवलं नाही."

"मीच सांगू नका म्हटलो. तुम्ही उगंच वर्कशॉप धुऊन काढला असता."

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'आलो-गेलो'च म्हणतात. दहा वर्षं परदेशात राहूनही तिचं ते सुटलं नव्हतं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

हिरा तिने दुपारी लावला. हिरा म्हणजे शिस्तीत बसलेले कार्बनचे अणू. त्यात एका जागी कार्बनऐवजी नायट्रोजन बसवतात आणि शेजारची जागा रिकामी ठेवतात. त्या रिकाम्या जागेवर हिरवा प्रकाश टाकला की ती लालसर चमकते, आणि जवळपास अगदी बारीक चुंबकीय हालचाल झाली तरी तिची चमक कमीजास्त होते. सांध्यातून किंचित वीज सोडायची आणि हिरा वरून फिरवायचा. वीज ज्या ज्या वाटेने जाते त्याचं चित्र पडद्यावर उमटतं.

"आता बघा," संयोगिता म्हणाली. "वितळलेला धातू गोठायला दोनेक सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही ज्योत कशी काढता, सरळ, वळवून, का थांबून, तसे धातूचे कण बसतात. सही परवडली, तिची नक्कल तरी करता येते. हे न्हाई करता येत. करा की एक सांधा."

मी दोन केले. आमच्या बाराव्या तुकडीतल्या दोघांनी एकेक केला. तिने चारही डब्या मिसळल्या आणि यंत्राला दिल्या. माझे दोन यंत्राने लगेच वेगळे काढले. पडद्यावर दोन्हीकडे तेच चित्र होतं. ज्योत डावीकडे वळते, वळताना दोनदा थबकते. माझ्या आयटीआयच्या मास्तरांची ती सवय, त्यांच्याकडून माझ्यात आली. ती अशी पडद्यावर नागडी बघून मला कसंसंच झालं.

"आणि बाई, हे वरच्या थराचंच दिसतं," ती म्हणाली. "खालचं परत वितळलं तर खालचं चित्र पुसतं. शेवटी ज्याचा हात, त्याचंच चित्र."

तिने मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"कार्यालयात जपलेले सगळे सांधे आम्ही यातून काढले. सातही देशांचे. बाकी केंद्रांत काही न्हाई. तुमच्या तीनशे शहाण्णवमधले त्रेचाळीस एकाच हाताचे निघालेत. चित्र हेच, डावीकडं वळून दोनदा थबकलेलं."

ती हसली. खरंच हसली.

"घाबरू नका. यंत्र चुकालंय. मला पक्कं माहीत हाय."

"कशावरून?"

"त्या त्रेचाळीसमध्ये पहिला नंबर माझा हाय. माझा सांधा मी केलाय ओ. माझ्या हातानं, ह्याच टेबलावर. दुसऱ्या कुणाचं मी सांगू शकत न्हाई, पण माझं तरी सांगू शकतो का न्हाई? शुक्रवारी कराराच्या समितीची बैठक हाय. तिथं मी उभा राहणार आणि सांगणार, की यंत्राला चांगला शिकवलेला हात आणि शिकवणाऱ्याचा हात यांतला फरक कळत न्हाई. तुम्ही आम्हाला हाताला धरून शिकवलंय, म्हणून चित्र सारखं येतंय. माझी नोकरी गेली तर गेली."

मी उठून नळावर गेले आणि उगाचच हात धुतले.

शेवटचा हात. आमच्याकडे याला असंच म्हणतात. परीक्षेचा जॉब, म्हणजे मुलाने घडवलेला तुकडा, परीक्षकांकडे जाण्याआधी मास्तरांनी त्यावरून एकदा हात फिरवायचा. कानस असेल तर कानस, पॉलिश पेपर असेल तर पॉलिश पेपर. माझ्या जॉबवर माझ्या मास्तरांनी फिरवला, त्यांच्या जॉबवर त्यांच्या मास्तरांनी फिरवला असणार. परीक्षकांनाही ठाऊक असायचं. याला कुणी लबाडी म्हणत नव्हतं. आईने बाहेर पडणाऱ्या पोराची कॉलर नीट करावी, तेवढंच ते. मुलगा नालायक असेल तर मास्तर जॉबला शिवत नसत. फार चांगला असेल तरी शिवत नसत. शिवायचे ते थोडक्यात राहिलेल्यांच्या.

करारात याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं आणि ते चालणार नाही असं मला कधी वाटलंही नाही. नमुना सांधे झाले की मुलं ट्रेमध्ये ठेवून चहाला जायची. अर्धा तास ट्रे माझ्याकडे असायचा, सील करायला. त्या अर्ध्या तासात ज्याचा सांधा एका केसाने हुकला असेल, त्याच्यावर मी क्षणभर ज्योत धरायची. दोन सेकंद. अकरा वर्षांत त्रेचाळीस वेळा. मी कधी मोजलं नव्हतं, हिऱ्याने मोजलं.

बुधवारी हेरवाडे सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांना सगळा अंदाज आला होता. तेही कधीकाळी टर्नरचे मास्तर होते, त्यांना काय वेगळं सांगायचं.

"मगदूम मॅडम, मी काही विचारत नाही," ते म्हणाले. "आणि तुम्हीही काही सांगू नका. ती स्वतः म्हणतेय ना, यंत्र चुकतंय? तिच्या शब्दाला तिथे वजन आहे. मग आपण मध्ये कशाला तोंड घालायचं?"

"आणि ते खरं नसलं तर?"

"त्रेचाळीस प्रमाणपत्रं जातील. केंद्र बंद होईल. चालू तुकडीतली चौतीस मुलं रस्त्यावर येतील. शिवाय तुमचे सात महिने." त्यांनी पेपरवेट फिरवला. "त्या मुलांचं काम कुठे वाईट आहे, सांगा. एकाचं तरी यंत्र बंद पडलंय?"

खरं सांगायचं तर मला ते पटलं. मी इतकी दमले होते की, गप्प बसा असं कुणी सांगितलं यानेच हायसं वाटलं. जेवणाच्या सुट्टीत डबाही नीट खाल्ला.

दुपारी ओचिएंगचा फोन आला. हा तिसऱ्या तुकडीतला केनियाचा मुलगा. आता किसुमूला, सरोवराच्या काठी त्यांच्या देशातलं एकुलतं एक मोठं यंत्र सांभाळतो. हिवतापाच्या नव्या औषधाचे रेणू त्यावर जुळवून बघतात. कॅन्टीनच्या आक्काकडून शिकलेलं मराठी त्याने अजून जपलं होतं.

"बाई, पत्र आलंय. माझा सांधा तपासणीत हाय म्हणं. प्रमाणपत्र थांबलं तर यंत्र बंद करावं लागणार. नियम हाय. दुसरा माणूस इथं न्हाई."

मी म्हटलं, "ओचिएंग, तुझ्या सांध्याबद्दल तुला एक सांगायचं आहे."

"मला माहीत हाय की."

"काय माहीत आहे?"

"मी चहाला जाताना तो डाव्या अंगानं वाकडा होता. सील करताना सरळ होता." तो हसला नाही, रागावलाही नाही. "तवाच कळलं. बोललो न्हाई, कारण मला घरी जायाला प्रमाणपत्र पायजे होतं. पण बाई, मग इथं आल्यावर दोन वर्षं रोज सकाळी एक सांधा करून मोडायचो. रोज. तुमचा उधार घेतलेला हात परत करायचा होता. आता माझा सरळ येतो. कधीबी बघा."

मी फोन ठेवला. ओचिएंगला ठाऊक होतं, म्हणून त्याने हात बसवला. संयोगिताला ठाऊकच नव्हतं. आणि शुक्रवारी सात देशांसमोर ती आपल्या हाताची शपथ घेणार होती. ती माझ्यासाठी खोटं बोलणार असती तर मी गप्प बसलेही असते, मी काही देवमाणूस नाही. पण ती खरं समजून बोलणार होती.

गुरुवारी मुलं जेवायला गेल्यावर मी तिला वर्कशॉपमध्ये बोलावलं. ती शुक्रवारच्या भाषणाचे कागद घेऊनच आली.

"ऐका की बाई, सुरुवात अशी केलोय..."

"संयोगिता, यंत्र बरोबर आहे."

तिने कागदावरून मान वर केली.

"तो हात माझा आहे. त्रेचाळीसही. तुम्ही चहाला जायचा तेव्हा."

"बाकीच्यांचं असंल," ती लगेच म्हणाली. "माझं न्हाई. माझा चांगला झालेला. मला आठवतंय, बाई. मी बघून गेलतो."

"चांगलाच झाला होता."

"मग?"

या 'मग'चं उत्तर मी बुधवारची अख्खी संध्याकाळ शोधत होते. पहिली तुकडी होती. कराराचे लोक म्हणाले होते, पहिल्या वर्षी निकाल चांगला लागला नाही तर केंद्र दुसरीकडे नेऊ. हे खरं आहे, पण हे उत्तर नव्हे. तिचा सांधा पास होणारच होता. बाकी कुणाच्याही सांध्याला मी हात लावला तो बुडू नये म्हणून. तिच्या सांध्याला लावला तो मला राहवलं नाही म्हणून. इतका चांगला सांधा पुढ्यात होता आणि एका बाजूला राईएवढा फुगवटा. माझा हात आपोआप गेला.

"तू पास झालीच असतीस," मी म्हणाले. "पहिली आली असतीस की नाही, ते मला माहीत नाही. मी हात आवरायला हवा होता. आवरला नाही."

तिने अगदी हळू विचारलं, "आणि खालचं चित्र?"

"पुसलं गेलं. तूच सांगितलंस ना, परत वितळलं की पुसतं."

"म्हणजे मला कधीच कळणार न्हाई."

"नाही."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडणारी माणसं मला सांभाळता येतात. तिने कागद घडी घालून पर्समध्ये ठेवले.

"तिकडं कार्यालयाच्या दारातच काचेच्या पेटीत लावलाय तो," ती म्हणाली. "खाली माझं नाव हाय. नवीन पोरं येतात, त्यांना मी स्वतः दाखवतो. दहा वर्षं, बाई. अवघड काम आलं, हात कापायला लागला, की मी त्या सांध्याची आठवण काढायचो. तो मी केलाय, तर हेपण जमंल. असं म्हणायचो मी."

"अवघड कामं तर तूच केलीस ना? तिथे मी नव्हते."

"ते तुम्ही म्हणू नका. तुम्ही सोडून कुणीपण म्हणावं." तिचा आवाज आता चढला होता. "पोरगी गरिबाची, बाप कड्या जोडतोय, हिला जरा वर ढकलूया. असंच न्हवं?"

"तसं नव्हतं गं."

"मग कसं होतं?"

"तुझा सांधा मला फार आवडला होता," मी म्हणाले. आणि मला रडू आलं. सत्तावन्न वर्षांची बाई, वर्कशॉपमध्ये, एप्रन घालून. तिने पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

शुक्रवारच्या बैठकीत पडद्यावर सात देशांचे सात चौकोन होते. आठव्या चौकोनात संयोगिता, तिच्या मुक्कामाच्या खोलीतून. मी हेरवाडे सरांच्या केबिनमध्ये. सर शेजारी बसले होते आणि माझ्याकडे एकदाही बघत नव्हते. संयोगिताने शांतपणे सांगितलं की, यंत्र अचूक आहे. मग मी सांगितलं की, हात माझा आहे आणि मुलांना ठाऊक नव्हतं. ओचिएंगचं तेवढं मी गाळलं. त्याचं पाप असलंच तर ते माझ्या खात्यावर जाऊ दे. शेवटच्या हाताची पद्धत समजावून सांगताना दुभाष्याची फार ओढाताण झाली. जपानच्या बाई मात्र मध्येच मान डोलवायला लागल्या. त्यांच्याकडेही असं काही असावं.

निकाल संध्याकाळी आला. त्रेचाळीसही जणांनी पंचेचाळीस दिवसांत, आहेत तिथे, कॅमेऱ्यासमोर नवा नमुना सांधा करायचा. तोवर काम चालू ठेवायचं. केंद्र निरीक्षणाखाली. उज्ज्वला मगदूम यांनी यापुढे परीक्षेच्या वेळी वर्कशॉपमध्ये थांबायचं नाही. शिकवायचं मात्र निवृत्तीपर्यंत, कारण बदली शिक्षक सातही देशांत उपलब्ध नाही. हे शेवटचं वाक्य वाचून हेरवाडे सर पाच दिवसांत पहिल्यांदा हसले.

पुढचे दिवस फोनचेच होते. ओचिएंगचा सांधा सगळ्यात आधी पास झाला. त्याने फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, 'परत केला.' हनोईची एक मुलगी नापास झाली. तिने मला पत्रात एका शब्दाने दोष दिला नाही आणि तेच मला जड गेलं. इचलकरंजीचा एकजण नापास झाला, त्याने फोनवर माझा उद्धार केला. मी सगळं ऐकून घेतलं. चूक काही नव्हतं त्यात. मी त्या वेळी त्याला नापास होऊ दिलं असतं तर सहा महिन्यांत शिकून तो पुन्हा बसला असता. आता त्याला घर आहे, दोन मुलं आहेत आणि पस्तिसाव्या वर्षी पुन्हा पहिला धडा. तो म्हणाला, "शिकवणार कोण? तुम्हीच ना?" मी म्हटलं, ये. तो येतो आता, मंगळवारी आणि शनिवारी. चाळीस जण होऊन गेले तेव्हा सदतीस पास होते आणि तीन नापास. उरलेल्या तिघांपैकी दोघांची तारीख ठरली होती. एकीने अजून तारीखच घेतली नव्हती.

चव्वेचाळिसाव्या दिवशी सकाळी केंद्राच्या दारात रिक्षा थांबली. यावेळी संयोगिताकडे हिरा नव्हता, फक्त पाठीवर एक पिशवी. हिरा हाताळायला आणि साक्षीला दुसरा एक तरुण तपासनीस आला होता. तो कॅमेरा लावत राहिला.

"तिकडेच करता आला असता की," मी म्हणाले.

"आला असता. सुट्टी टाकून आलोय." ती माझ्याकडे सरळ बघत नव्हती. "ह्याच टेबलावर करणार."

तिने बाह्या दुमडल्या. नळी घासली, तांब्याचा ठोकळा घासला, दोन्ही स्पिरिटने पुसले. बोटं तिच्या वडिलांसारखी, लांब आणि कोरडी. ज्योत पेटवली, बारीक केली. तिचं कोपर अधांतरी होतं. मला ते दिसलं आणि मी नकळत एक पाऊल पुढे झाले. कोपर टेबलाला टेकव, एवढंच सांगायचं होतं.

तिने ज्योत बाजूला धरली.

"बाई."

"हं?"

"चहाला जावा."

मी गेले. कॅन्टीनमध्ये आक्काने न विचारता कप ठेवला. मी तो दोन्ही हातांनी धरून बसले. चहाला गेलेल्या मुलांना कसं वाटत असेल, याचा मी अकरा वर्षांत कधी विचार केला नव्हता. काही वाटत नसणार. मागे ट्रेजवळ बाई आहेत, एवढंच त्यांना ठाऊक होतं. माझ्या मागे कुणी नव्हतं आणि समोरच्या घड्याळात अर्धा तास संपता संपत नव्हता. चहा गार झाला, आक्काने दुसरा दिला, तोही गार झाला.

परत आले तेव्हा सांधा ट्रेमध्ये होता. पडद्यावर हिऱ्याचं चित्र उमटलं होतं. ज्योत उजवीकडे निघाली होती, सरळ, न थबकता, शेवटी जराशी घाईने. माझं त्यात काही नव्हतं. थंडीची चाचणी तिकडे गेल्यावर व्हायची, पास की नापास ते कळायला आठवडा होता. मी चष्मा लावून वाकले.

"कसा वाटतोय?" तिने विचारलं.

"चांगला आहे. एका बाजूला जरा फुगवटा आहे."

"व्हय. दिसालाय मला."

"पहिला नाही येणार."

"न्हाईच येणार."

ज्योत अजून जळत होती, हाताच्या अंतरावर. दोन सेकंदांचं काम होतं. माझा हात टेबलावरून निघाला, तिने पाहिला, मलाही दिसला. मी तो तसाच पुढे नेला आणि गॅसची चावी बंद केली.

संयोगिताने सांधा उचलून डबीत ठेवला, स्वतः सील लावलं, वर आपला क्रमांक लिहिला. मग एप्रन काढून खिळ्याला अडकवला.

"चला," ती म्हणाली. "आता मला पाजा चहा."